घरचा दप्तरखाना

मध्यमवर्गीय घराच्या माळ्यावर पूर्वी मोडका पाळणा, कल्हई उडालेली भांडी आणि मागील सालांची पंचांगे आढळत असत. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. ती म्हणजे जुना संगणक. तो बिघडलेला असतोच असे नाही. बहुधा नव्या आज्ञावलींना त्याची गती अपुरी पडू लागते, किंवा त्याच्यावरील प्रणालीचा निर्माता यापुढे तिची डागडुजी करणार नसल्याचे जाहीर करतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ह्या प्रणालीस दिले जाणारे सर्वसाधारण साहाय्य थांबविले, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. अशा संगणकास भंगारवाला जी किंमत देतो, ती ऐकून तो पुन्हा माळ्यावरच ठेवला जातो.

त्याच घरात दुसरीकडे निराळीच अडचण असते. लग्नसमारंभाची छायाचित्रे एका दूरध्वनीत, शेताच्या सातबाऱ्याची प्रत दुसऱ्यात, मुलांच्या गुणपत्रिका थोरल्या भावाच्या संगणकावर आणि आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या कोठे आहेत हे कोणासच निश्चित ठाऊक नाही, अशी स्थिती असते. पाऊसपाण्यात एखादा दूरध्वनी भिजला की त्याबरोबर घराच्या आठवणींचा एक तुकडा नाहीसा होतो. छायाचित्रातील माणूस हयात नसेल, तर ते छायाचित्र पुन्हा काढता येत नाही. माळ्यावरची अडगळ आणि खालची ही विस्कळीत स्थिती, ह्या दोहोंवर मिळून एक उपाय करता येतो. तो म्हणजे जुन्या संगणकास घरचा फाइल सर्व्हर बनविणे.

सर्व्हर ह्या शब्दाचा अर्थ सेवा करणारा एवढाच आहे. पेशवाईतील दप्तरखान्यात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवीत. त्या बासनांस रुमाल म्हणत. एखादा कागद हवा असला की कारकून योग्य रुमाल सोडून तो काढून देई आणि काम संपल्यावर पुन्हा जागच्या जागी ठेवी. फाइल सर्व्हरचे काम ह्या कारकुनाहून फारसे भिन्न नाही. घरातील कोणत्याही संगणकाने किंवा दूरध्वनीने मागणी केली, तर मागणारा कोण आहे हे पाहून तो फाइल काढून देतो, अथवा नवी फाइल आत घेऊन ठेवतो. ह्या कामी पडद्यावर चित्रे रंगवावी लागत नाहीत की मोठे गणित करावे लागत नाही. म्हणूनच जो संगणक आजच्या कामांखाली धापा टाकतो, तो हे काम सहज करू शकतो. एवढ्या कामाला १ जीबी स्मृतीही चालते आणि २ जीबी असल्यास ती चैनच समजावी. एकदा व्यवस्था लागली की पडदा आणि कळफलक काढून ठेवले तरी चालतात.

प्रथम यंत्र उघडून त्यातील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी लागते. पुष्कळ जुने संगणक केवळ पंखा धुळीने जाम झाल्यामुळे तापतात आणि बंद पडतात. आत रुपयाएवढ्या आकाराची एक चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ अशी अक्षरे असतात. ती संपलेली असल्यास यंत्राचे घड्याळ प्रत्येक वेळी भलतीच तारीख दाखविते. संगणक ६४-बिटी आहे ना, हेही पाहावे लागते. कारण ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ पासून त्या प्रणालीने जुन्या ३२-बिटी यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली आहे. जुनी हार्ड डिस्क मात्र विश्वासास पात्र समजू नये. तिच्यातील तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेत आलेल्या असतात आणि पाचसात वर्षांच्या अशा सेवेनंतर ती केव्हा साथ सोडील ह्याचा नेम नसतो. ह्या साऱ्या खटाटोपात जेथे पैसा खर्च करावा अशी खरी जागा एकच, ती म्हणजे नवी डिस्क.

प्रणालीसाठी पैसा पडत नाही. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स ह्याने लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. १९९३ साली इयान मर्डॉक ह्याने डेबियन प्रकल्पाचा आरंभ केला आणि आपले नाव व आपल्या सहचारिणीचे डेब्रा हे नाव जोडून त्याचे नामकरण केले. लिनक्स आणि डेबियन दोन्ही कोणासही विनामूल्य घेता येतात.

परंतु लिनक्सवर चालणारा सर्व्हर आणि विंडोजवर चालणारा घरातील दुसरा संगणक ह्यांनी एकमेकांशी बोलावे कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधून काढणारा अँड्र्यू ट्रिजेल हाही त्या वेळी विद्यार्थीच होता. १९९१ च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठात संशोधन करीत होता. एका संगणकावरील जागा दुसऱ्या, भिन्न जातीच्या संगणकास वापरता यावी अशी त्याची गरज होती. पण ती यंत्रे आपसांत ज्या सांकेतिक भाषेत बोलत, तिचे व्याकरण त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा त्याने तारेतून जाणारेयेणारे संदेश टिपून घेतले आणि कोणत्या प्रश्नास कोणते उत्तर मिळते, ह्याचे बारकाईने निरीक्षण केले. पुढे त्याने स्वतःच ह्या रीतीस फ्रान्समधील उपाहारगृहाची उपमा दिली. फ्रेंच न जाणणारा मनुष्य तेथे बसून राहिला आणि कोणी काय बोलले असता वाढपी काय आणून देतो हे पाहत गेला, तर हळूहळू त्यास पदार्थ मागविता येऊ लागतात. बोलावयास शिकणारे मूल तरी दुसरे काय करते?

जानेवारी १९९२ मध्ये त्याने आपली आज्ञावली इतरांसाठी खुली केली आणि तो आपल्या अभ्यासाकडे वळला. पुढे पत्नीचा संगणक घरच्या लिनक्स संगणकास जोडण्याचा विचार त्याच्या मनात आला, तेव्हा त्यास आढळून आले की आपण जी भाषा उलगडली तीच ह्याही संगणकांची भाषा आहे. एसएमबी नावाच्या ह्या भाषेचा उगम १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाम ह्याच्या हातून झाला होता, आणि मायक्रोसॉफ्टने ती उचलली होती. आज्ञावलीचे पहिले नाव दुसऱ्या एका कंपनीच्या नाममुद्रेमुळे बदलणे भाग पडले, म्हणून ट्रिजेलने संगणकातील शब्दसंग्रहात एस, एम आणि बी ही अक्षरे ह्याच क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यांत ब्राझीलच्या एका नृत्याचे नाव निघाले. अशा रीतीने आज्ञावलीचे नाव सांबा पडले. आज घरोघरी असे सर्व्हर उभे राहतात ते बहुधा ह्याच आज्ञावलीच्या बळावर.

डेबियन आणि सांबा यंत्रावर बसविल्यानंतर कोणते कप्पे कोणासाठी खुले, हे एका लहानशा फाइलीत लिहून द्यावे लागते. येथे थोडा विचार अवश्य आहे. छायाचित्रांचा कप्पा सर्वांस पाहता यावा. परंतु त्यातील चित्रे पुसून टाकण्याचा अधिकार एखाद्याच जबाबदार व्यक्तीकडे असावा. घरातील प्रत्येकास स्वतंत्र नाव आणि परवलीचा शब्द द्यावा. सांबा आपले परवलीचे शब्द प्रणालीच्या शब्दांहून वेगळे जपून ठेवते, हे नवख्या माणसाच्या ध्यानी येत नाही, आणि सर्व काही नीट असूनही दार उघडत नाही म्हणून तो तासन् तास हैराण होतो. राउटरमध्ये ह्या यंत्राचा पत्ता कायमचा नेमून ठेवावा. नाही तर आज सापडलेला कारकून उद्या दुसऱ्याच खोलीत बसलेला असावयाचा.

राउटर व सर्व्हर ह्यांना जोडण्यास तार वापरणेच इष्ट. जुन्या यंत्रातील जोडणी सेकंदास १०० मेगाबिटांची असेल, तर सेकंदाला फार तर १२.५ एमबी मजकूर वाहून नेला जातो. त्या हिशेबाने ५० जीबी छायाचित्रे हलविण्यास ४००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागेल. १००० मेगाबिटांचे कार्ड बसविल्यास तेच काम सातआठ मिनिटांवर येऊ शकते.

विजेचा हिशेबही केला पाहिजे. असा एखादा संगणक ५० वॉट वीज घेत असेल, तर दिवसरात्र चालू राहिल्यास दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट आणि वर्षाला ४३८ युनिट वीज खर्च होईल. फुकट मिळालेले यंत्र अशा रीतीने आपली किंमत दरमहा वसूल करते. १५ वॉटवर चालणारा जुना लॅपटॉप महिन्यास सुमारे ११ युनिटांत तेच काम करतो, आणि त्याची बॅटरी शाबूत असल्यास वीज गेली तरी काही काळ तग धरतो. मात्र बॅटरी फुगलेली दिसल्यास ती त्वरित काढलीच पाहिजे, कारण ती पेट घेऊ शकते. जेथे वीज वरचेवर जाते तेथे मोठ्या संगणकास यूपीएस जोडणे आवश्यक आहे. लिहिणे चालू असताना वीज खंडित झाली, तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडण्याचा संभव असतो.

इतके झाल्यावर घरातील मंडळी निर्धास्त होतात, आणि खरा धोका येथेच असतो. सारे काही एका जागी आले, ह्याचा अर्थ सारे काही एका वेळी जाऊही शकते. कोणी सुचवितात की दोन डिस्का जोडून एकीवरचे सर्व दुसरीवर आपोआप उमटेल अशी योजना करावी. एक डिस्क निकामी झाली तर ह्या योजनेमुळे काम अडत नाही, हे खरे. परंतु कोणी चुकून एक कप्पा पुसला, तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून पुसला जातो. आरशास चूक आणि बरोबर ह्यांतील भेद कळत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील मायक्रोसॉफ्टच्या एका दोषाचा फायदा घेऊन अनेक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या आणि सोडविण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामेही त्यामुळे खोळंबली. पुढे २०१९ पासून सांबाने ती जुनी आवृत्ती मुळातच बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. जुनी उपकरणे जोडण्याच्या मोहाने ती पुन्हा चालू करू नये, आणि घरचा हा सर्व्हर थेट बाहेरच्या इंटरनेटवर खुला ठेवू नये.

म्हणून एक वेगळी बाह्य डिस्क घेऊन तिच्यावर ठराविक दिवशी सर्व्हरमधील सर्व फाइलींची प्रत उतरवावी, आणि काम होताच ती यंत्रापासून सोडवून ठेवावी. ती शक्यतो दुसऱ्या घरी, मामाच्या किंवा आत्याच्या कपाटात असावी, म्हणजे आग अथवा पूर ह्यांपासूनही ती वाचेल. दोनतीन महिन्यांनी तिच्यातील एखादी फाइल परत काढून उघडते की नाही, हेही पाहावे. कित्येकांना आपली प्रत वाचता येत नाही हे तिची गरज पडते त्याच दिवशी कळते.

यंत्र अखेर एके दिवशी बंद पडेलच. तेव्हा त्यातील डिस्क सुस्थितीत असली, तर ती काढून लिनक्स असलेल्या दुसऱ्या कोणत्याही संगणकास जोडता येते आणि फाइली जशाच्या तशा हाती येतात. उरलेला सांगाडा कचऱ्याच्या पेटीत टाकावयाचा नसतो. त्याच्या आतील पट्टिकांत तांबे आणि सोने असते, तसेच शिसेही असू शकते. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचता करावयाचा असतो. मग माळ्यावरचा दुसरा एखादा संगणक खाली उतरवून पुसावा आणि तीच डिस्क त्यात बसवावी.