शाळेतील संगणक आणि संचालनप्रणालीची निवड

विषयप्रवेश

शाळेत संगणक आला की त्याच्या पाठोपाठ एक वादही येतो. विंडोज बरी की लिनक्स बरी, हा तो वाद होय. एक पक्ष म्हणतो, बहुतेक कचेऱ्यांतून विंडोज दिसते, तेव्हा मुलांनी तीच शिकावी. दुसरा पक्ष म्हणतो, लिनक्सला मूल्य पडत नाही, तेव्हा साधन कमी असलेल्या शाळेस तीच योग्य. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. परंतु पुष्कळदा ती परीक्षेने नव्हे, तर सवयीने किंवा ऐकिवाने बनलेली असतात.

आजवर हा वाद मधल्या सुट्टीतील गप्पांपुरता होता. आता तसे राहिलेले नाही. विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. काही अटींवर मुदतवाढ देणारी योजना कंपनीने जाहीर केली आहे. तथापि ती कायमची नव्हे. पुढील विंडोज ११ साठी कंपनीच्या यादीतील प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग यंत्रात असावा लागतो. अनेक जुनी यंत्रे या अटींत बसत नाहीत. चालते यंत्र भंगारात काढावे, तसेच वापरीत राहावे, की त्यावर दुसरी प्रणाली घालावी, हा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे प्रत्यक्ष उभा आहे. म्हणून या विषयाचा मुळापासून अभ्यास करणे अगत्याचे आहे.

संचालनप्रणाली म्हणजे काय ?

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये राहून सर्व व्यवस्था पाहणारी आज्ञावली ती संचालनप्रणाली. हिलाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. शाळेचे उदाहरण घेतल्यास ती समजण्यास सोपी जाते. शाळेत वर्ग अनेक, खोल्या मोजक्या आणि शिक्षक त्याहूनही मोजके असतात. कोणता वर्ग कोठे बसेल, कोणता तास कोण घेईल, दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ राहील, हे मुख्याध्यापक ठरवितात. त्याचप्रमाणे प्रोसेसरचा वेळ, स्मृतीतील जागा, फाइलींची ठेवण, कळफलक, पडदा आणि प्रिंटर यांची वाटणी संचालनप्रणाली करते. कोणास काय पाहू द्यावयाचे, याचाही निर्णय तीच करते. तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. पडद्यावरील चित्रे व बटणे हे तिचे केवळ दर्शनी रूप होय. विद्यार्थ्यांचे लक्ष रूपाकडे जाते. शिक्षकाने ते कार्याकडे वळवावे.

निरनिराळे पक्ष कसे निर्माण झाले ?

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीच्या कामास आरंभ केला. १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला व त्याबरोबर मायक्रोसॉफ्टची डॉस ही प्रणाली सर्वत्र पसरली. १९८४ साली ॲपल कंपनीने मॅकिंटॉश हा संगणक आणला. चित्रे आणि माउस यांच्या साहाय्याने काम करण्याची पद्धत त्याने लोकांच्या परिचयाची केली. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती निघाली. डॉस, मॅकिंटॉश व विंडोज या प्रणालींची मूळ आज्ञावली कंपन्यांच्या मालकीची होती. ती वाचण्याची वा बदलण्याची मुभा ग्राहकास नव्हती.

या व्यवस्थेस रिचर्ड स्टॉलमन यांनी हरकत घेतली. आज्ञावली चालविण्याचे, अभ्यासून बदलण्याचे, दुसऱ्यास देण्याचे आणि सुधारून वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे, हे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी १९८३ साली त्यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने एक कर्नेल लिहून सर्वांसाठी खुले केले. तेच लिनक्स होय. ग्नूची साधने व हे कर्नेल मिळून पूर्ण प्रणाली तयार झाली.

आज कचेरीतील मेजावर बहुधा विंडोज दिसते हे खरे. परंतु अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सचेच कर्नेल असते, आणि जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत. तेव्हा ‘जे जगात चालते ते शिकवावे’ या एका वाक्याने वाद मिटत नाही. जगात दोन्ही चालतात.

मत व प्रचीती

मत कसे तपासावे याचा एक चांगला दाखला या विषयाच्या इतिहासातच आहे. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी १९८७ साली मिनिक्स नावाची लहान प्रणाली रचली होती. १९९२ च्या जानेवारीत त्यांनी लिनक्सवर जाहीर टीका केली. सर्व कामे एकाच मोठ्या कर्नेलमध्ये कोंबण्याची रचना जुनाट आहे आणि ही प्रणाली एकाच प्रकारच्या प्रोसेसरशी जखडलेली आहे, असा तिचा आशय होता. टोरवाल्ड्स यांनी लहान कर्नेलची रचना तत्त्वतः सरस असल्याचे मान्य केले. मात्र लिनक्स आज हाती आहे व काम करीत आहे, या गोष्टीवर भर दिला.

पुढे काय झाले ? लिनक्स अनेक प्रकारच्या प्रोसेसरांवर नेण्यात आली व जगभर पसरली. म्हणून प्राध्यापकांचे म्हणणे पूर्णपणे चुकले असेही नाही. इंटेल कंपनीच्या प्रोसेसर-संचातील व्यवस्थापनाच्या भागात मिनिक्सच चालत असल्याचे २०१७ साली उघड झाले. तात्पर्य, प्रणालीचा बरेवाईटपणा ती कोणत्या कामासाठी आणि कोणत्या परिस्थितीत वापरावयाची यावर अवलंबून असतो. ‘कोणती श्रेष्ठ ?’ याऐवजी ‘या कामास कोणती योग्य ?’ असा प्रश्न विचारणे हीच शास्त्रीय दृष्टी होय.

तीन प्रचलित मतांची परीक्षा

(१) ‘लिनक्स फुकट आहे.’ परवान्याचे मूल्य पडत नाही, हे खरे. परंतु शिक्षकांचे प्रशिक्षण, प्रिंटरची जुळणी आणि दुरुस्ती यांस वेळ व श्रम लागतात. केरळ राज्याने २००१ साली आयटी ॲट स्कूल हा उपक्रम सुरू केला व पुढे शाळांतून मुक्त प्रणाली आणली. त्याबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण झाले, पाठ्यपुस्तके तयार झाली आणि २०१७ साली काइट ही स्वतंत्र सरकारी संस्था उभी राहिली. उलट जर्मनीतील म्युनिक शहराने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणले, आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. प्रणाली बदलणे हे एका दिवसाचे काम नाही. तिच्यामागे माणसे उभी करावी लागतात.

(२) ‘अमुक प्रणाली सुरक्षित आहे.’ मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या घातक आज्ञावलीने अनेक देशांतील विंडोज संगणक अडविले. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसही त्याचा फटका बसला. या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी घातली नव्हती ते सापडले. दुसऱ्या बाजूस, लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या साधनात कोणी चोरवाट घुसविल्याचे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. अर्ध्या सेकंदाच्या अनपेक्षित विलंबावरून ती शोधणारे आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टचेच अभियंता होते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. आज्ञावली खुली असल्यामुळे तिची तपासणी करता आली. पण केवळ खुली असल्यामुळे ती आपोआप सुरक्षित झाली नव्हती. सुरक्षितता नावात नसून वेळेवर केलेल्या दुरुस्तीत असते. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा व शिष्यवृत्तीची माहिती असते. दुरुस्त्या बंद झालेले यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दप्तराचे कपाट उघडे टाकून शाळा सोडण्यासारखे आहे.

(३) ‘अमुक प्रणाली सोपी आहे.’ जी प्रथम शिकली ती सोपी वाटते. फोन हाताळणाऱ्या मुलास नव्या पडद्याची भीती नसते. अडचण बहुधा मोठ्यांनाच पडते.

इंटरनेट कसे वाढले ?

भिन्न प्रणालींची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतात, ती समान नियमांमुळे. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने टीसीपी-आयपी हे नियम स्वीकारले. माहितीचे लहान लहान गठ्ठे करावेत, त्यांवर पत्ता घालावा आणि पोहोचल्यावर ते पुन्हा जुळवावेत, असे त्यांचे स्वरूप आहे. टपालखाते ज्याप्रमाणे पत्र कोणत्या शाईने लिहिले हे विचारीत नाही, त्याप्रमाणे हे नियम यंत्रात कोणती प्रणाली आहे हे विचारीत नाहीत. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने इंटरनेटसेवा लोकांस उपलब्ध करून दिली.

जेथे समान नियम सोडले गेले, तेथे अडचण झाली. दक्षिण कोरियात बँकांचे ऑनलाइन व्यवहार दीर्घकाळ ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर अवलंबून होते. ते इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चालत असे. त्यामुळे दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांची कुचंबणा होई. पुढे त्या देशास ही गाठ कष्टाने सोडवावी लागली, आणि विंडोज १० वरील इंटरनेट एक्स्प्लोररचे साहाय्यही १५ जून २०२२ रोजी संपले. एकाच कंपनीच्या साधनाशी बांधलेले काम त्या साधनाबरोबरच जुने होते.

मराठीचा अनुभव

हाच अनुभव मराठीनेही घेतला आहे. पूर्वीच्या अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन चिन्हे दिसत. शाळांचे अहवाल, प्रश्नपत्रिका, मुलांचे निबंध अशा रीतीने न वाचण्याजोगे झाले. युनिकोड या मानकात १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक आहे. ‘क’ चा क्रमांक विंडोजवर, लिनक्सवर व फोनवर एकच असतो. मराठीस हवे असलेले ‘ॲ’ हे अक्षरही त्यात २००८ साली स्वतंत्र क्रमांकासह आले. इन्स्क्रिप्ट हा मान्य कळफलक दोन्ही प्रणालींत मिळतो. प्रणाली कोणतीही असो, लेखन युनिकोडमध्ये असले तर ते टिकते.

शाळेने काय करावे ?

१. प्रत्येक यंत्राची नोंदवही करावी : प्रोसेसर, रॅम, साठवण, प्रणाली व तिच्या साहाय्याची मुदत.
२. बदल करण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर घेऊन ती उघडून पाहावी.
३. लिनक्सचे अनेक प्रकार पेनड्राइव्हवरून, मूळ प्रणाली न पुसता, चालवून पाहता येतात. पडदा, आवाज, प्रिंटर व इंटरनेट यांची परीक्षा अशा रीतीने आधी करावी. सी-डॅकची बॉस ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणालीही पाहण्यासारखी आहे.
४. ज्या कामासाठी विशिष्ट विंडोज कार्यक्रम आवश्यक आहे, त्यासाठी साहाय्य चालू असलेली विंडोज असलेले एक यंत्र राखावे.
५. लिब्रेऑफिस, टक्स पेंट यांसारखे दोन्ही प्रणालींवर चालणारे विनामूल्य कार्यक्रम शिकवावेत.
६. मंजुरी व जडवस्तू नोंदवहीतील नोंद यांवाचून कोणतेही यंत्र भंगारात काढू नये.

वर्गातील पाठ (इयत्ता ५ वी ते ७ वी)

मुलांकडून एका यंत्रावर युनिकोडमध्ये गावाविषयी पाच वाक्ये लिहून घ्यावीत. तीच फाइल दुसऱ्या प्रणालीच्या यंत्रावर व शिक्षकाच्या फोनवर उघडून दाखवावी. नंतर जुन्या फॉन्टमधील एखादी फाइल, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडावी. काय टिकले, काय बिघडले, आणि का, हे मुलांनाच सांगू द्यावे. फाइल उघडणे, जतन करणे, नाव देणे, शोधणे या क्रिया दोन्ही प्रणालींवर करवून घ्याव्यात. बटणाची जागा पाठ करवून घेऊ नये.

उपसंहार

आज पाचवीत असलेले मूल मोठे होईपर्यंत आजच्या प्रणाली राहतीलच असे नाही. ज्याने बटणाची जागा पाठ केली, त्यास त्या वेळी पुन्हा आरंभापासून शिकावे लागेल. ज्याने कार्य समजून घेतले, तो कोणत्याही यंत्रापुढे निर्भयपणे बसेल. शाळेची निष्ठा प्रणालीशी नव्हे, त्या मुलाशी आहे. निवड करताना एवढे स्मरण ठेवले तरी पुरे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील कोणत्या यंत्रांचे साहाय्य संपले आहे ? त्यांवर मुलांची कोणती माहिती आहे ?
२. आपल्या कामांपैकी कोणती कामे एकाच प्रणालीवर होतात व कोणती दोन्हींवर ?
३. केरळ व म्युनिक यांच्या अनुभवांत भेद कोणता ? त्यावरून आपल्या केंद्राने काय घ्यावे ?
४. शाळेतील जुन्या फॉन्टमधील कोणते लेखन युनिकोडमध्ये आणणे निकडीचे आहे ?