सार्वराष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन आणि घरोघरची बाग

उद्यानविद्येचें सार्वराष्ट्रीय प्रदर्शन म्हणजे चार दिवसांचा फुलबाजार नव्हे. पहिल्या वर्गाचें प्रदर्शन तीन ते सहा महिने चालावें व त्यास निदान ५० हेक्टर, म्हणजे सुमारें १२३ एकर जागा असावी, असा नियम आहे. इतकी जमीन व द्रव्य गुंतविणाऱ्या शहराच्या पदरीं काय पडतें, हें आम्ही येथें पाहणार आहों. आमचें आयुष्य जमाबंदीच्या दप्तरांत गेलें. सबब फुलांआधीं हिशेबाकडे दृष्टि गेल्यास वाचकांनीं नवल मानूं नये.

हॉलंड देश फुलांच्या धंद्यांत अग्रेसर. तेथें १९६० सालीं रॉटरडॅम शहरीं पहिलें ‘फ्लोरियाड’ प्रदर्शन झालें व पुढें सुमारें दर दहा वर्षांनीं होत गेलें. २०२२ सालीं तें अल्मेर येथें भरलें. वीस लाखांवर प्रेक्षक येतील असा अदमास होता. आले सुमारें सात लाख, आणि शहरास जवळजवळ दहा कोटि युरोंची खोट आली. वृक्षांची लागण तर मोठी अभ्यसनीय होती. नांवांच्या वर्णानुक्रमानें झाडें लाविलीं होतीं. पण ज्या देशांत फुलें भाजीसारखीं घरीं नेतात, तेथें तींच पाहण्यास पैसे मोजून कोण जाणार, असें आम्हांस वाटतें.

याच्या उलट जपानांतील ओसाका. तेथें १९९० सालीं १ एप्रिलपासून ३० सप्टेंबरपर्यंत, सुमारें ३४५ एकरांवर प्रदर्शन भरलें. प्रेक्षक आले दोन कोटि एकतीस लाख! जागा पूर्वीं कचऱ्याच्या भरावाची. माणसांची ने-आण करण्यास भुयारी रेल्वेचा नवा फांटा काढिला, तो आजही चालतो. मोठें कांचगृहही उभें आहे. पण खरें पीक निराळेंच आलें. शहरवासी जपानी मनुष्यास अंगण कुठलें? सज्जा आणि चार कुंड्या, एवढीच त्याची जमीन. प्रदर्शनाच्या आदल्याच वर्षीं, १९८९ सालीं, सन्टोरी या मद्याच्या कंपनीनें ब्राझीलमधील रानटी पेटुनियापासून ‘सर्फिनिया’ नांवाचा वाण बाजारांत आणिला होता. साधा पेटुनिया पावसानें खराब होतो. हा पाऊस सोसतो, लोंबत पसरतो आणि एकच रोप कुंडी भरून टाकतें. त्याची वाढ बियांनीं न करितां छाटकलमांनीं करितात. म्हणून गिऱ्हाईक बियांची पुडी न घेतां तयार रोपच घेतें, आणि पैसा रोपवाटिकेकडे येतो.

पुढें ही आवड इतकी वाढली कीं, १९९७ सालीं ‘गार्डनिंग’ हा परका शब्द जपानांत त्या वर्षाच्या गाजलेल्या शब्दांत निवडला गेला. वास्तविक त्यांच्या भाषेंत बागकामास स्वतःचा शब्द होताच. याचें सर्व श्रेय एका प्रदर्शनास देणें रास्त होणार नाहीं. इंग्रजी धर्तीच्या बागांचें वेडही त्या सुमारास तेथें होतें. तथापि पाहून आलेल्या मनुष्यास आपल्या सज्जांत लावण्याजोगें रोप जवळच्या दुकानीं मिळालें, ही गोष्ट आमच्या मतें महत्त्वाची. ज्यांचें उत्पन्न फुलांवर वा रोपांवर आहे, त्यांनीं तिकिटांच्या आंकड्यापेक्षां या गोष्टीकडे लक्ष द्यावें.

जपाननें दुसरें मोठें प्रदर्शन योकोहामा येथें, १९ मार्च ते २६ सप्टेंबर २०२७ या मुदतीचें योजिलें. त्याची सुमारें २४७ एकर जागा अमेरिकन लष्करानें २०१५ सालीं परत केलेल्या जमिनींतली असून, पुढें तेथें सार्वजनिक उद्यान करण्याचें आधींच योजिलेलें आहे.