साहेब उठेपर्यंत

तिरोडा

प्रिय भाचीबाई,


ताई सांगत होती, तू आमगावला पोचतेस तेव्हा घरातली जेवणं उरकलेली असतात. गोंदियाच्या तुझ्या फायनान्स शाखेत काम सहालाच संपतं, पण साहेब खुर्चीत असेपर्यंत कुणी बॅग उचलत नाही म्हणे.

साहेब का बसतात, याचा कधी विचार केलास? बाहेरगावचा माणूस, बायकोमुलं नागपुरात, इथे भाड्याची खोली. खोलीवर जाऊन करणार काय? (आमच्या सरकारी कचेऱ्यांत उलटं. साहेब अप-डाउनवाले, गाडीची वेळ झाली की टेबल रिकामं!) तुमचा साहेब दुष्ट आहे असं मला वाटत नाही. त्याला घरी जायची घाई नाही, आणि त्याची भरपाई तुम्ही सगळे करताय.

महिनाअखेरीचं क्लोजिंग असेल तर खुशाल बस, कुरकुर करू नकोस. मार्च एंडिंगला बिलं पास करून घेण्यासाठी आम्हीही मध्यरात्रीपर्यंत बसायचो आणि त्यात एक मजाही असायची. पण महिन्याच्या बारा तारखेला, टेबलावर काही नसताना बसणं म्हणजे नुसती हजेरी. आपल्या जिल्ह्यात बाया कंदिलाच्या उजेडात विड्या वळायच्या. मजुरी तुटपुंजी, पण हजारावर मोजून तरी मिळायची. तुझे हे सहानंतरचे दोन तास कोण मोजतं?

तेव्हा असं कर. चार वाजता साहेबांकडे जा आणि सांग, या फायली आज होतील, या उद्या सकाळी पहिल्या. सहाला टेबल आवर, केबिनच्या दारात उभी राहून ‘निघते सर’ म्हण आणि नीघ. मागच्या दाराने सटकू नकोस. आई आजारी आहे, पाहुणे आलेत, असली कारणं तर मुळीच देऊ नकोस. कारण दिलं की दुसऱ्या दिवशी नवं शोधावं लागतं, आणि वेळेवर जायला कारण लागतं हे आपणच कबूल करून बसतो. पहिला आठवडा लोक टोमणे मारतील. पुढे त्यातलेच दोघे तुझ्याबरोबर जिना उतरतील. खरोखर थांबावं लागलं तर तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेव.

कायद्याचंही सांगतो, पण त्यावर फार विसंबू नकोस. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी अशी तरतूद होती. बाईमाणसाला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय हवी. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 9 चे 10 तास करायला आणि 20 हून कमी कामगारांच्या आस्थापनांना या कायद्यातून वगळायला मंजुरी दिली. तुमच्या शाखेत माणसं किती, ते मोज. नेमणूकपत्रावर तुझं पद काय लिहिलंय तेही बघ, कारण व्यवस्थापकीय पदांना हा कायदा लागू होत नाही. ‘असिस्टंट मॅनेजर’ ही पदवी उगाच कुणी वाटत नाही.

2024 च्या जुलैत पुण्यात एका मोठ्या कंपनीतली 26 वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या ओझ्याकडे बोट दाखवलं. कंपनीने ते नाकारलं. पण कामगार खात्याचे लोक तपासणीला गेले तेव्हा कळलं, की वर्षानुवर्षं चाललेल्या त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती. एवढ्या मोठ्या शहरात ही गत, तर गोंदियात तुझ्या सहा वाजण्याकडे कोण बघणार? ते तुलाच बघावं लागेल.

नोकरी जाईल ही भीती मला कळते. घराचा हप्ता तुझ्या पगारातून जातो, हेही ठाऊक आहे. म्हणून भांडू नकोस, काम चोख ठेव आणि वेळेवर ऊठ. एवढ्यानेही साहेबांचं मन वळलं नाही तर ती शाखा तुझ्या लायकीची नाही. दुसरीकडे अर्ज टाक. या महिन्याचं क्लोजिंग झालं की सुरुवात कर आणि साहेब काय म्हणाले ते मला कळव.

तुझा
मामा