आपला ताळा आपणच पाहूया



आमच्या गुरुजींकडे तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग आहेत. ते तिसरीला शिकवतात तेव्हा आम्ही गणिते करतो, आणि मग वह्या घेऊन रांग लावतो. बरोबर की चूक एवढंच कळायला अर्धा तास जातो. रांगेत ढकलाढकली होते ती वेगळीच. म्हणून यंदा गुरुजींनी सांगितले, वही माझ्याकडे आणण्याआधी स्वतः तपासा. कसे तपासायचे ते मी लिहिते.

वजाबाकीचे सगळ्यात सोपे. ५०३ मधून २६७ गेले, उरले २३६. आता २३६ मध्ये २६७ मिळवा. ५०३ आले की झाले. भागाकारात भाजकाने भागाकाराला गुणायचे आणि बाकी मिळवायची. १५७ भागिले ६, भागाकार २६, बाकी १. सव्वीस सक १५६, आणि एक १५७. जुळले!

गुणाकारासाठी आजोबांनी मला नवाचा ताळा शिकवला. ताळा म्हणजे तपासणी. ४६ × २३ = १०५८ हे गणित घ्या. ४ आणि ६ मिळून १०, पुन्हा १ आणि ० मिळून १. तसेच २ आणि ३ मिळून ५. एक पंचे ५. आता उत्तराचे अंक मिळवा. १, ०, ५, ८ मिळून १४, म्हणजे १ आणि ४ मिळून ५. दोन्हीकडे ५ आले.

पण हा ताळा कधी कधी फसवतो बरं का! कोणी १०८५ लिहिले तरी बेरीज १४च येते. म्हणून एकक पण बघायचा. ६ त्रिक १८, तर शेवटी ८च पाहिजे. आजोबा म्हणतात, एका ताळ्यावर विसंबू नये.

शुद्धलेखन झाले की पुस्तक उघडून शब्दाशब्दाखाली बोट ठेवत जायचे. ह्रस्व-दीर्घ असेच सापडते, नुसती नजर फिरवून नाही. धडा समजला का ते बघायला पुस्तक मिटून कोणाला तरी सांगावा. माझ्या आईला वाचता येत नाही, तरी ती हे तपासते. भाकरी थापता थापता ती मध्येच विचारते, "आणि मग त्याचं काय झालं?" उत्तर देता आले नाही तर तेवढा भाग पुन्हा वाचायचा.

तपासून झाले की आम्ही समासात खूण करतो. जमले तर गोल, अडले तर त्रिकोण. काही मुले सगळीकडे गोलच काढतात. त्याचा काय उपयोग? त्रिकोण असला तर गुरुजी आधी तिथेच येतात.

गुरुजींनी आम्हाला मारिया मॉन्टेसरी यांची माहिती सांगितली. त्या इटलीतल्या डॉक्टर होत्या. १९०७ साली त्यांनी रोममध्ये लहान मुलांसाठी बालगृह सुरू केले. त्यांच्या एका लाकडी ठोकळ्यात १० भोके आणि १० दट्टे असतात. बारीक दट्टा मोठ्या भोकात घातला की शेवटी एक दट्टा उरतो, तो बसतच नाही. मग मूल आपणच सगळे काढून पुन्हा लावते, कोणी ओरडायला लागत नाही. आपल्या देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही लिहिले आहे, की प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतः केलेले मूल्यमापन असावे.

मला याचा खरा उपयोग माझ्या मैत्रिणीमुळे कळला. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते. तिथे कोपीत गुरुजी कुठून येणार? मागच्या वर्षी ती वही घेऊन गेली, पण तपासायला कोणी नाही म्हणून चार पानांवर थांबली. या वेळी जाण्याआधी आम्ही दोघींनी सगळे ताळे तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढले. लहान भावाला सांभाळत ती गणिते करते. परवा तिच्या वडिलांच्या फोनवरून बोलली. २३ पाने झालीत म्हणाली, आणि त्रिकोण फक्त ६. ते सहा आल्यावर गुरुजींना विचारणार आहे.

पालकांनो, तुम्ही पण करून बघा. खाली तीन वजाबाक्या आहेत. त्यातली एक मी मुद्दाम चुकीची लिहिली आहे. उत्तर कुठेही चिकटवलेले नाही. दोरीला पेन्सिल बांधली आहे, ती मात्र नेऊ नका.

७०० − ३४८ = ३५२
६२१ − १५७ = ४७४
९०५ − ४३८ = ४६७