झटका नेमका केव्हा बसतो?

जुनी गाडी झटके मारू लागली की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं : क्लच प्लेट. आमच्या २००८ सालच्या पेट्रोल गाडीच्या नशिबीही तेच आलं. जुलै महिना, रत्नागिरीतला न थांबणारा पाऊस. हातखंब्याच्या वाटेवर चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी गचके द्यायची. भाट्याच्या पुलावर सपाटीला मात्र काही तक्रार नाही. गॅरेजवाल्यांनी एक फेरी मारली, क्लचचा अख्खा सेट बदलला आणि काही हजारांचं बिल हातात ठेवलं. पुढच्याच चढावर पुन्हा तेच गचके. मग म्हणे, आता टाकीतला पंप बदलून बघू.

‘बदलून बघू’ असं कोणी म्हटलं की गाडीची चावी परत मागा. दोष सापडल्यावर पार्ट बदलायचा असतो, दोष शोधण्यासाठी नव्हे.

क्लच गेल्याची लक्षणं वेगळी असतात. तो घसरू लागला की इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही. घाटात जळका वासही येतो. क्लचमुळे गाडी थरथरते ती जागेवरून उचलताना, आणि पेडलवरचा पाय पूर्ण काढला की थरथर थांबते. खात्री करायची असेल तर सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतो आहे. चालूच राहिलं तर घसरतो आहे. एकदाच करायची चाचणी आहे ही, सारखी केली तर चांगली प्लेटही जळेल. आमचा क्लच उघडण्याआधी एवढंसुद्धा कोणी करून पाहिलं नव्हतं.

पुढे वायरिंगचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री भेटले. बॉनेटला हात लावण्याआधी त्यांनी प्रश्न विचारले. गाडी थंड असताना मारते की तापल्यावर? पाऊस उघडला की कमी होतं का? न्यूट्रलमध्ये रेस केली तर काय होतं? गचके टाकोटाक बसतात, की ताकदच हळूहळू कमी होते? आमची उत्तरं ऐकून ते म्हणाले, “काळोख पडला की घेऊन या.”

अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि त्यांनी कुंड्यांना पाणी मारायच्या स्प्रेने प्लगच्या वायरींवर बारीक फवारा मारला. दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीच्या रबरी बुटापासून इंजिनच्या अंगावर निळी ठिणगी उडू लागली. टक् टक् असा कोरडा आवाज, आणि इंजिनची थरथरही त्याच ठेक्यात. बूट काढला तर आत टर्मिनलवर हिरवट गंज चढलेला, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली केसाएवढी काळी रेघ.

सगळं कोडं त्या रेघेत होतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. अशा वेळी वीज सोपी वाट धरते : ओलसर, चिरलेल्या रबरातून थेट इंजिनच्या अंगावर. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं आणि गाडी गचका देते. सपाटीला दाब कमी, म्हणून तिथे सगळं सुरळीत. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल मिळून आपल्याकडे हे रबर आणि टर्मिनल लवकर खातात. अशा वेळी प्लग आणि वायर दोन्ही बदलावं. रेघ पडलेला जुना प्लग तसाच ठेवला तर नव्या बुटालाही तोच मार्ग पडतो.

फवाऱ्याची चाचणी मात्र माहितगार माणसाकडूनच करून घ्या. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. पेट्रोलचा वास येत असेल तर करूच नका, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाने जवळ थांबू नये. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत याहून सोपं काम आहे : संशय असलेली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि स्कॅनर पुन्हा जोडा. दोष कॉइलबरोबर सरकला तर चोर सापडला.

ठिणगी ठीक असेल तरच पेट्रोलकडे वळा. तिथे गचके टाकोटाक नसतात. लांब चढावर, आंबा घाटासारख्या ठिकाणी, ताकद हळूहळू कमी होते आणि पाय सैल सोडला की गाडी सावरते. फिल्टर आधी पाहा, मग गेज लावून पंपाचा दाब. गावच्या घरी उभी ठेवलेली आणि गणपतीला, शिमग्याला बाहेर काढलेली गाडी असेल तर टाकीतलं पाणीही तपासा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि पंपही तळातूनच ओढतो.

पाय दाबताना एक आणि सोडताना एक असा ‘धप्’ आवाज येत असेल तर इंजिनचं फाउंडेशन पाहा, त्याचं रबर फाटलेलं असू शकतं. वळताना कटकट ऐकू आली तर एक्सलचा जॉइंट.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो पार्ट प्लग-वायरींच्या कितीतरी पट महाग आहे. घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना ताकद गेली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे आता मे महिन्यातच बूट काढून पाहतात. इंजिन पूर्ण थंड असावं, वायर न ओढता बूट धरून थोडा फिरवावा आणि मग उपसावा. आतल्या कडेला डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्यावा, धातूच्या टर्मिनलवर नको, आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बूट परत दाबून बसवावा.