बचावकर्त्यांचे संरक्षण : अमली द्रव्ये, विषारी पदार्थ आणि फौजदारी कायदा

आपत्तीच्या अथवा गुन्ह्याच्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणारे पोलीस, अग्निशामक जवान आणि रुग्णवाहिकेतील कर्मचारी यांना ‘प्रथम प्रतिसादक’ म्हटले जाते. दुसऱ्याने बाळगलेल्या घातक पदार्थाची बाधा त्यांनाच झाली, तर दोषी व्यक्तीस कोणती शिक्षा होते? भारतीय कायद्यात यासाठी स्वतंत्र गुन्हा नाही. संबंधित तरतुदी निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत.

जयपूरचा धडा

२९ ऑक्टोबर २००९ रोजी सायंकाळी जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रातील इंडियन ऑइलच्या इंधन साठवणूक केंद्रात पेट्रोलची गळती सुरू झाली. झडप हाताळणारा कर्मचारी बाष्पामुळे हतबल झाला आणि त्याच्या मदतीस धावलेल्या सहकाऱ्यालाही बाधा झाली. श्वसनयंत्राशिवाय त्या बाष्पात शिरून गळती थांबविणे शक्य नव्हते. सुमारे सव्वा तासाने भीषण स्फोट झाला. चौकशी समितीच्या अहवालानुसार ११ जण मृत्युमुखी पडले. पुढे फौजदारी गुन्हा दाखल होऊन २०१० मध्ये काही अधिकाऱ्यांना अटक झाली.

पेट्रोल हे अमली द्रव्य नव्हे. तथापि बचावकर्त्यापुढील धोक्याचे स्वरूप सारखेच आहे. परवानाधारक केंद्रात कोणता पदार्थ आहे हे निदान ठाऊक असते. मोठ्या प्रमाणावर घातक रसायने हाताळणाऱ्या उद्योगांनी आपत्कालीन आराखडा तयार ठेवावा, असे १९८९ चे घातक रसायनविषयक नियम सांगतात. बेकायदा प्रयोगशाळेत यांपैकी काहीच नसते. एप्रिल २०२४ मध्ये राजस्थानातील जालोर, सिरोही व जोधपूर भागांत मेफेड्रोन बनविण्याच्या ठिकाणांवर छापे पडले. अशा ठिकाणी कोणत्या पिंपात कोणते आम्ल वा द्रावक आहे, याची माहिती आत शिरणाऱ्या पथकाला नसते.

कायदेशीर तरतुदी

१. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ : येथे शिक्षा मुख्यतः पदार्थाचा प्रकार व वजन यांवर ठरते. मेफेड्रोनचे व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम असून त्यासाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरी व किमान १ लाख रुपये दंड आहे. छापा घालणाऱ्यास बाधा झाली, यासाठी वेगळी शिक्षा नाही.

२. भारतीय न्याय संहिता, २०२३ (१ जुलै २०२४ पासून लागू) : कलम १२१ नुसार लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी इच्छापूर्वक दुखापत केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कलम १२३ नुसार दुखापतीच्या उद्देशाने विष वा गुंगीकारक द्रव्य दिल्यास ही मर्यादा १० वर्षे आहे. कलम २८६ नुसार विषारी पदार्थाबाबत पुरेशी दक्षता न घेतल्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास कलम १०६ लागू होते.

यावरून उणीव स्पष्ट होते. हेतू सिद्ध झाला तर शिक्षा कठोर आहे; केवळ बेफिकिरीमुळे बचावकर्त्याचा जीव धोक्यात आला, तर ती सौम्य आहे.

स्वतंत्र गुन्हा हवा काय?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०२४ मध्ये असा कायदा केला. बेकायदा बाळगलेल्या फेंटानिलच्या संपर्कात बेपर्वाईने प्रथम प्रतिसादकास आणून त्यास गंभीर इजा पोहोचविल्यास तेथे १५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र अमेरिकी विषशास्त्रज्ञांच्या दोन संस्थांनी २०१७ मध्येच स्पष्ट केले होते, की अशा ओझरत्या संपर्कातून बचावकर्त्यास गंभीर बाधा होण्याची शक्यता अत्यल्प असते. शिवाय शिक्षेच्या धास्तीने अत्यवस्थ व्यसनाधीन व्यक्तीचे सोबती मदत मागविण्यास कचरतील, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

म्हणून कायद्यात सुधारणा करावयाची झाल्यास तिचा रोख व्यसनाधीन रुग्णावर नव्हे, तर विषारी रसायनांचे बेकायदा साठे करणाऱ्या उत्पादकावर असावा. आणि शिक्षा ही घटनेनंतर येते, हेही विसरता कामा नये. सीतापुरा येथे त्या सव्वा तासात निकड होती ती श्वसनयंत्र, संरक्षक पोशाख आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांची. बचावकर्त्याला ही साधने पुरविणे हे शासन व उद्योग या दोहोंचे आद्य कर्तव्य होय.