निळा ड्रॅगन : बघा, पण हात लावू नका



किनाऱ्यालगतच्या गटांतल्या आपण बऱ्याच जणी पहाटे मासळी निवडायला, वाळवायला जातो. सोबत पोरंही असतात. म्हणून या वेळी एका छोट्या जिवाची ओळख करून घेऊ.

निळा ड्रॅगन म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय. लांबी जेमतेम 3 सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना बोटांसारखे फाटे. ती राहते भर समुद्रात, पाण्याच्या वरच्या थरात. हवेचा बुडबुडा गिळून उताणी तरंगते. निळं पोट वर असतं, त्यामुळे पक्ष्यांना ती पाण्यात ओळखू येत नाही. चंदेरी पाठ खाली, त्यामुळे माशांनाही पटकन दिसत नाही.

तिचं खाणं ‘ब्लू बॉटल’. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात ना, तेच. त्यांचे डंख ती आपल्या फाट्यांत साठवते आणि स्वतःसाठी वापरते. मेल्यावरही ती डंखू शकते!

वारा नेईल तिकडे ती जाते. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळानंतर चेन्नईच्या किनाऱ्यावर ती आढळली होती.

म्हणून लक्षात ठेवा :
• निळं, चमकदार काही दिसलं तर उचलू नका. पोरांनाही सांगा.
• डंख झाला तर चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे काडीने काढा.
• सोसेल इतक्या गरम पाण्याने शेका आणि आरोग्य केंद्रात जा. श्वास लागला तर अजिबात थांबू नका.

पुढच्या बैठकीत हे सगळ्या जणींना नक्की वाचून दाखवा.